क्लिफ ऑल्ड्रेडचा जून

क्लिफ ऑल्ड्रेडकडे बघून हा माणूस सेंटर फॉरवर्ड आहे असं कुणी म्हटलं नसतं. नाक तीनदा मोडलेलं, गुडघे बाहेर वळलेले, आणि धावायला लागला की दोन माणसं जिन्यावरून कपाट उतरवताहेत असं वाटायचं. आमच्या स्कार्थवेलच्या लोकांच्या जिभेला हाड नाही. त्याच्या पहिल्याच मॅचला पत्र्याच्या शेडखालून कुणीतरी ओरडलं, "अरे, ह्याला किल्ली द्यायची राहिली की काय?" क्लिफने वळून पाहिलं आणि स्वतःच्या पाठीला किल्ली फिरवल्याचा आविर्भाव केला. शेड हसली. त्यानंतरही लोकांनी त्याला शिव्या घालणं सोडलं नाही, पण त्या घरच्या माणसाला घालतात तशा घालायला लागले.

स्कार्थवेल टाउन हा त्याचा नववा क्लब. पोरवयात गिलाव्याचं काम शिकता शिकता एका बंदरावरच्या क्लबाने त्याला उचललं, आणि तिथून पुढे बूट पिशवीत घालून तो इंग्लंडभर फिरला. कुठे दोन वर्षं, कुठे पाच महिने, एका ठिकाणी तर फक्त एक हिवाळा. फुटबॉल लीगच्या चार विभागांतल्या पहिल्या, सगळ्यांत वरच्या विभागाचं गवत त्याच्या पायाला कधी लागलं नाही. त्याची बायको बेरिल हिने पडदे दुमडून शिवणं कधीच सोडून दिलं होतं. पुढच्या घराची खिडकी केवढी असेल कुणी सांगावं? म्हणून तिचे सगळे पडदे जमिनीवर लोळायचे.

मैदानावरचं त्याचं काम बघायला कुणी पैसे देत नाही. गोलकीपरने उंच मारलेला चेंडू खाली यायची वाट बघत तो प्रतिस्पर्ध्याच्या गोलकडे पाठ करून उभा राहायचा. मागे एखादा सहा फुटी बचावपटू, त्याचं कोपर क्लिफच्या मानेत. चेंडू छातीवर घ्यायचा, कोपर मानेवर घ्यायचं आणि शेजारून पळत येणाऱ्याच्या पायात चेंडू अलगद ठेवून द्यायचा. एवढं होईस्तोवर तो स्वतः चिखलात आडवा झालेला असायचा. उठून बघावं तर तिकडे गोल झालेला असे, पोरं एकमेकांच्या गळ्यात पडलेली असत. हा दुडक्या चालीने तिथे पोचायचा तेव्हा गर्दी पांगायला लागलेली असायची. जेवणं आटोपल्यावर पोचणारा पाहुणा असतो तसं त्याचं व्हायचं, पण चेहऱ्यावर कधी नाराजी नसायची.

आमच्या क्लबाचे चेअरमन हेरॉल्ड टॅटरसॉल. धंद्याने खाटीक, गावात तीन दुकानं. जे तराजूत पडेल तेवढं खरं मानणारा माणूस, आणि त्यात काही वाईट नाही. त्याच हिशेबाने त्यांनी पदरमोड करून क्लब जगवला होता. पण त्या वर्षी आमची टीम चौथ्या विभागात अगदी तळाला गेली, आणि क्लिफच्या नावावर सात गोल. मे महिन्यात टॅटरसॉलनी त्याला दुकानामागच्या खोलीत बोलावलं.

"हे बघ क्लिफ," ते म्हणाले, "तू चौतिशीचा झालास. सात गोल. माझ्या जागी तू असतास तर काय केलं असतंस?"

"सोडलं असतं," क्लिफ म्हणाला.

"मग राग नाही ना?"

"राग कसला? जूनअखेरपर्यंत पगार आहे ना? मग झालं."

जाताना त्याने पाऊंडभर सॉसेज घेतले, आणि रोख पैसे देऊन गेला. टॅटरसॉलना बरं वाटलं. गडी शहाणा आहे, असं ते त्या दिवशी बायकोला म्हणाले.

खरी परीक्षा पुढेच होती. तळाच्या चार क्लबांना त्या काळी लीगपुढे पदर पसरावा लागे. जूनच्या सुरुवातीला लंडनच्या हॉटेलात सगळे चेअरमन जमत आणि मतदान करत: ह्या चौघांना ठेवायचं, की बाहेरच्या एखाद्या होतकरू क्लबाला आत घ्यायचं? वरच्या दोन विभागांतल्या प्रत्येक क्लबाला एक मत. आम्हा खालच्या चिल्लर लोकांना सगळ्यांना मिळून चार. म्हणजे आमचं दुःख ज्यांना कळत होतं त्यांच्या हातात काही नव्हतं, आणि ज्यांच्या हातात होतं त्यांना स्कार्थवेल नकाशावर कुठे आहे तेही ठाऊक नव्हतं. त्यात त्या वर्षी दक्षिणेकडचं हॅडलो जोरात होतं. नवीन स्टँड, नवे दिवे, चेअरमन बिल्डर. आमच्याकडे उतरतं मैदान, गळकी शेड, आणि वर्षापूर्वी बंद पडलेली गिरणी. लीगमधून बाहेर पडलो की क्लब दोन वर्षांत मरणार हे टॅटरसॉलना आकड्यांसकट माहीत होतं. गिरणीपाठोपाठ शनिवारही गेला तर ह्या गावाने आठवडाभर बघायचं तरी कशाकडे, हा विचार त्यांना झोपू देत नव्हता.

ते मॅनेजरला घेऊन पहिल्यांदा डनमोरला गेले. डनमोर आता दुसऱ्या विभागात, म्हणजे एक मत. तिथले चेअरमन वकील. त्यांनी टॅटरसॉलचं सगळं शांतपणे ऐकलं, चहा पाजला आणि कुठलंच वचन न देता विचारलं, "तुमच्याकडे आमचा क्लिफ आहे ना? कसा आहे? बेरिलची आई अजून त्यांच्याकडेच असते का?"

टॅटरसॉलना बेरिलला आई आहे हेच माहीत नव्हतं. "मजेत आहेत सगळे," त्यांनी ठोकून दिलं.

"पुढच्या खेपेला त्याला घेऊन या. मग बोलू," वकील म्हणाले.

परतीच्या वाटेवर मॅनेजर हळूच म्हणाला, "साहेब, हार्टलशॉ आणि वेक्सकमलाही तो खेळलाय. तेही आता दुसऱ्या विभागात आहेत."

अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. इथे तर ज्याचे पाय धरायचे त्याला टॅटरसॉलनी स्वतःच दोन आठवड्यांपूर्वी दाराबाहेर काढलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते क्लिफच्या घरी गेले. घर क्लबाचं, जूनअखेर सोडायचं. क्लिफ शिडीवर चढून खिडकीची चौकट रंगवत होता.

"अरे, जायचं घर रंगवतोस?" टॅटरसॉल खालून म्हणाले.

"येणाऱ्याला बरं दिसेल," वरून उत्तर आलं. "काय काढलंत, साहेब?"

टॅटरसॉलनी टोपी काढली आणि सगळं सांगितलं. बेरिल दारात येऊन हाताची घडी घालून उभी राहिली. तिच्या मागे अर्धं घर खोक्यांत भरलेलं दिसत होतं.

"म्हणजे खेळायला नको, पण भीक मागायला हवाय," ती म्हणाली. "छान आहे तुमचं, मिस्टर टॅटरसॉल. मटणही असंच विकता का? चांगलं स्वतःला, हाडं लोकांना?"

"बेरिल..." क्लिफ म्हणाला.

"बेरिल काय बेरिल! तू सांगणार आहेस का ह्यांना, की मी सांगू?"

"ब्रश धर जरा," असं म्हणत क्लिफ खाली उतरला आणि त्याने रंगाचा ब्रश तिच्या हातात दिला. "जूनअखेरपर्यंत पगार ह्यांचा खातोय. कधी निघायचं, साहेब?"

बेरिलने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा चेअरमनकडे, आणि ती खो-खो हसली. ती बाई आपल्यावर चिडलीय एवढं टॅटरसॉलना समजलं, आणि ते योग्यच आहे असंही वाटलं.

मग सुरू झाला दोघांचा दौरा. त्या वर्षी उन्हाळा कडक होता. टॅटरसॉलनी प्रत्येक चेअरमनला द्यायला एकेक अख्खी हॅम, म्हणजे खारवलेली डुकराची मांडी, गाडीच्या डिकीत घातली होती. क्लिफ वाटेत घोरायचा, टॉफीची पिशवी एकटा संपवायचा, आणि दिसेल त्या चिप्सच्या दुकानापाशी गाडी थांबवायला लावायचा. हार्टलशॉच्या मैदानाबाहेर टॅटरसॉल डिकीतून हॅम काढू लागले तेव्हा क्लिफने नाक हुंगलं. तीनदा मोडलेल्या त्या नाकालाही कळलं.

"साहेब, ही आत नेलीत तर होतं ते मतही जाईल."

हॅम तिथल्याच कचऱ्याच्या पिंपात गेली, आणि टॅटरसॉल आयुष्यात पहिल्यांदा रिकाम्या हाताने कुणाच्या दारात उभे राहिले.

आत शिरताच चहाच्या खोलीतून मिसेस प्यू नावाची म्हातारी लंगडत आली आणि क्लिफचे दोन्ही गाल धरून म्हणाली, "मेल्या, किती वाळलास रे! ही बेरिल तुला काही घालते की नाही?" त्याला हाताला धरून ती आत घेऊन गेली. टॅटरसॉल आणि हार्टलशॉचे चेअरमन दोघंच उरले. चेअरमन बँकेत मोठे अधिकारी होते, बोलायला मोजके.

"आमच्याकडे तो पाच महिने होता," ते म्हणाले. "आम्ही वर गेलो ते वर्ष. किती गोल केले असतील त्याने?"

"किती?"

"तीन. आणि त्याच्या शेजारी खेळणाऱ्या रस्कने तेवीस. तो येण्याआधी त्याच रस्कला आम्ही विकायला काढलं होतं. क्लिफ आल्यावर त्याला कुणी हातच लावू शकेना, कारण दोन-दोन बचावपटू क्लिफला मारण्यात गुंतलेले असायचे. आमचं दुसऱ्या विभागात जाणं त्या माणसाच्या नाकावरून गेलंय, मिस्टर टॅटरसॉल."

टॅटरसॉलच्या डोळ्यांपुढे पटकन आपला विंगर आला, गेल्या मोसमात एकाएकी चौदा गोल करणारा पोरगा. त्याच्या पगारात त्यांनी मेमध्येच वाढ केली होती. प्रत्येक गोलच्या वेळी चिखलात कोण आडवं पडलेलं असायचं ते त्यांना आत्ता आठवलं, आणि त्यांचे कान तापले.

क्लिफ परत आला तेव्हा त्याच्या हातात केक होता. चेअरमननी सरळ विचारलं, "खरं सांग, क्लिफ. टीम कशी आहे ह्यांची?"

"भिकार," क्लिफ म्हणाला. "मी होतो ना तीत."

"ह्यांनी ठेवलंय का तुला?"

टॅटरसॉल खिडकीबाहेर बघू लागले.

"नाही. सोडलं."

"आणि तरी ह्यांच्यासाठी मत मागतोस?"

"तुम्हीही मला सोडलंच होतं की! मी काय रुसून बसलो का? तुमच्यासाठीही आलो असतो." क्लिफने केकचा तुकडा तोंडात टाकला. "मैदान उतरतं आहे, साहेब. आंघोळीचं पाणी कधी गरम नसतं. पण डिसेंबरात एका शनिवारी आम्ही पाच गोलांनी हरत होतो, वरून गारा पडत होत्या, आणि शेडखालचं एक माणूस हललं नाही. गिरणी बंद. घरी जाऊन करणार काय? तसंच ओरडत बसले शेवटपर्यंत. मला शिव्या घालत होते म्हणा. पण मी बघितलंय, लोक नुसते घड्याळ बघत उभे असतात अशीही मैदानं असतात. हे तसं नाही. एवढंच सांगायचं होतं."

चेअरमन हसले नाहीत. "बघतो," म्हणाले. पण टॅटरसॉल धंद्यातले होते. गिऱ्हाईक पाकीट काढायच्या बेतात आलं की त्यांना बरोबर कळायचं.

वेक्सकमला असंच झालं, डनमोरलाही. बाकी ठिकाणी क्लिफ कधी खेळला नव्हता, पण कुठे त्याच्याबरोबर खेळलेला कोच निघायचा, कुठे पूर्वी त्याच्या मानेत कोपर घालणारा बचावपटू आता मॅनेजर झालेला असायचा, आणि तोच चेअरमनच्या खोलीपर्यंत घेऊन जायचा. एवढ्या वर्षांत इतक्या दारांतून हा माणूस बाहेर पडला होता, आणि एकही दार त्याच्यामागे आपटलेलं नव्हतं. मोठमोठे गोल करणारे आम्ही पुष्कळ पाहिले. ही कमाई मात्र त्यांच्यापैकी कितीजणांची असेल, शंकाच आहे.

मतदानाच्या दिवशी लंडनच्या त्या हॉटेलात गालिचे इतके जाड होते की टॅटरसॉलना आपली पावलं ऐकू येईनात. सभेत खेळाडूंना प्रवेश नसे. क्लिफ बाहेर लाल खुर्चीत बसून राहिला. आत आकडे वाचले गेले. तळाच्या चारांपैकी तिघं सुटले, आणि मग चौथं नाव: स्कार्थवेल टाउन, हॅडलोपेक्षा दोन मतं जास्त. शेजारच्या अनोळखी चेअरमनचा हात धरून टॅटरसॉल चक्क रडले.

डोळे पुसून ते बाहेर आले. गाडीत, वाटेवर, काय बोलायचं ते त्यांनी ठरवलं होतं. ते सरळ क्लिफपुढे जाऊन उभे राहिले.

"राहिलो," ते म्हणाले. "दोन मतांनी. आणि क्लिफ, ते मेचं विसर. माझं चुकलं. आणखी दोन वर्षं, पगारही वाढवतो. बेरिलला म्हणावं, खोकी उघड."

क्लिफ उठला. त्याने चेअरमनचा हात हातात घेतला. तेवढ्यात मागून हॅडलोचे बिल्डर चेअरमन, मिस्टर क्रूज, आले. चेहरा पडलेला, पण माणूस ताठ.

"काय ऑल्ड्रेड," ते क्लिफला म्हणाले, "आपल्याच पायावर धोंडा मारून घेतलास ना? आता खेळ आमच्याबरोबर त्या बाहेरच्या सदर्न लीगमध्ये. एक जुलैला सराव. घराची किल्ली शेजारणीकडे ठेवलीय."

टॅटरसॉल दोघांकडे आळीपाळीने बघत राहिले. "म्हणजे? हा तुमच्याकडे...?"

"मेमध्येच सही झाली. तुम्ही सोडलंत त्याच आठवड्यात. दुसरं कुणी विचारलंच नव्हतं त्याला." क्रूज कडवट हसले. "दोन मतांनी हरलोय मी, मिस्टर टॅटरसॉल. आणि ती दोन मतं कुणी फिरवली ते इथे सगळ्यांना माहीत आहे. आम्ही आत आलो असतो तर हा पुढच्या मोसमात लीगमध्ये असता. वेडा आहे."

"जूनअखेरपर्यंत ह्यांचा पगार खातोय," क्लिफ म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "तुम्हाला सही करतानाच सांगितलं होतं मी."

"सांगितलं होतंस," क्रूज म्हणाले. "म्हणूनच तुला बदलून दुसरा घेणार नाही. पुढच्या जूनमध्ये मी परत इथे येणार आहे, आणि तेव्हा पगार माझा असेल." त्यांनी टॅटरसॉलना टोपीला हात लावून नमस्कार केला आणि निघून गेले.

"अरे, मला सांगायचं होतंस," टॅटरसॉल कसेबसे म्हणाले.

"तुम्ही नेलं नसतंत मग."

परतताना क्लिफ झोपला नाही आणि टॅटरसॉलनी चिप्सच्या दुकानापाशी न सांगता गाडी थांबवली. सही मोडता येते, वकील गाठता येतो, हे त्यांनी दोनदा बोलायला घेतलं. दोन्ही वेळा शेजारच्या माणसाकडे बघून त्यांनी ते गिळलं. हा माणूस उलटेल तर तो हा माणूस राहणार नाही, एवढं त्यांना आता कळत होतं.

स्कार्थवेलमध्ये बँड लावला होता. लोकांनी टॅटरसॉलना खांद्यावर घेतलं, शेडखालच्या म्हाताऱ्यांनी त्यांचे मुके घेतले. ते वरून ओरडत होते, "मला नाही रे, त्याला, त्याला!" पण बँडपुढे कुणाला ऐकू जाणार? क्लिफ कोपऱ्यावरूनच घरी गेला होता.

महिनाअखेरीस क्लिफच्या दारात दुकानाचा मटणाचा ट्रक उभा राहिला. आतून घासून धुतलेला, खाली कोऱ्या कागदांचा थर. चालवायला खुद्द टॅटरसॉल. बेरिल त्यांना म्हणाली, "पडदे वर ठेवा, रक्ताचा डाग पडला तर तुमच्याकडून धुऊन घेईन," आणि पहिलं खोकं त्यांच्या हातात दिलं. तिच्या आईला पुढच्या सीटवर बसवलं. म्हातारी वाटभर टॅटरसॉलना मटणाचे भाव कसे चढले ते सुनावत होती, आणि ते निमूट ऐकत होते.

हॅडलोला पोचेपर्यंत दुपार झाली. साठी उलटलेले, घामाने भिजलेले चेअरमन ड्रेसरचं एक टोक धरून जिना चढत होते, दुसरं टोक क्लिफच्या हातात. किल्ली घेऊन आलेली शेजारीण कौतुकाने बघत खाली उभी होती.

"ह्या वयात एवढं ओझं!" ती म्हणाली. "तुम्ही वडील का ह्यांचे?"

टॅटरसॉलनी ड्रेसर पायरीवर टेकवला आणि श्वास घेतला.

"नाही हो, बाई," ते म्हणाले. "ह्याला सोडून देणारा मी."